जिल्ह्याची सीमा आणि न्यायाची व्याप्ती : अलाबामाच्या मध्य जिल्हा संघराज्यीय न्यायालयाची रचना व अधिकारक्षेत्र (१८३९ ते १९७९)

प्रस्तावना :

अमेरिकेच्या न्यायसंस्थेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. गाजलेले घटनात्मक निवाडे त्या न्यायालयाच्या नावावर असल्याने हे स्वाभाविकही आहे. परंतु यातील बहुतेक दावे ज्या न्यायालयात प्रथम दाखल झाले, जेथे साक्षीपुरावे नोंदविले गेले आणि निकालानंतर ज्या न्यायालयाला त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी करून घ्यावी लागली, ते प्रादेशिक पातळीवरील संघराज्यीय जिल्हा न्यायालय तुलनेने दुर्लक्षित राहते. अशा न्यायालयाची रचना आणि त्याच्या अधिकारक्षेत्राच्या मर्यादा या केवळ प्रशासकीय बाबी आहेत असा समज आहे. हा समज कितपत खरा आहे याची तपासणी प्रस्तुत लेखात अलाबामा राज्याच्या मध्य जिल्हा न्यायालयाच्या इतिहासाच्या आधारे केली आहे.

मॉन्टगोमेरी हे या न्यायालयाचे मुख्य ठिकाण होय. अमेरिकन यादवी युद्धाच्या आरंभी, फेब्रुवारी १८६१ मध्ये, फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांची पहिली राजधानी याच शहरात स्थापन झाली. १९५५ मध्ये बस बहिष्काराची चळवळही येथेच सुरू झाली. या दोन घटनांच्या दरम्यानच्या आणि नंतरच्या काळात या न्यायालयाचे अधिकार कसे आकुंचन पावले व कसे विस्तारले, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

दुहेरी न्यायव्यवस्थेची पार्श्वभूमी :

अमेरिकेत राज्यांची न्यायालये व संघराज्याची न्यायालये अशा दोन स्वतंत्र न्यायव्यवस्था एकाच भूप्रदेशावर कार्य करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना या वैशिष्ट्याचा मुद्दाम उल्लेख केला होता. अमेरिकेप्रमाणे भारतातही केंद्र व राज्य अशी दुहेरी राज्यव्यवस्था असली, तरी भारताने एकच एकात्म न्यायव्यवस्था स्वीकारली आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. त्यामुळे भारतीय वाचकास संघराज्यीय जिल्हा न्यायालय ही संकल्पना काहीशी अपरिचित वाटते. आपल्याकडील जिल्हा न्यायालय हे उच्च न्यायालयाच्या अधीन असते व केंद्राच्या आणि राज्याच्या अशा दोन्ही कायद्यांची अंमलबजावणी करते. अमेरिकेतील संघराज्यीय जिल्हा न्यायालय मात्र राज्याच्या न्यायव्यवस्थेशी समांतर असते आणि त्याचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने तहहयात नियुक्त करतात. दक्षिणेकडील राज्यांत स्थानिक मतदारांनी निवडून दिलेला न्यायाधीश आणि तहहयात नियुक्त झालेला न्यायाधीश यांतील हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरला.

१७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने जिल्हा न्यायालयांची स्थापना झाली. या रचनेत एक नियम कटाक्षाने पाळला गेला. जिल्ह्याची सीमा राज्याच्या सीमेत ठेवण्यात आली. वायोमिंगच्या जिल्ह्यात यलोस्टोन उद्यानाचा शेजारच्या राज्यांतील भाग येतो, हा त्यास एक अपवाद होय. राज्य मोठे असेल तर त्याचे दोन, तीन वा चार जिल्हे करण्यात येतात.

मध्य जिल्ह्याची निर्मिती व रचना :

अलाबामा हे १४ डिसेंबर १८१९ रोजी संघराज्यात सामील झाले. १८२० मध्ये संपूर्ण राज्याचा एक न्यायिक जिल्हा करण्यात आला. १८२४ मध्ये त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि ६ फेब्रुवारी १८३९ च्या कायद्याने मध्य जिल्हा अस्तित्वात आला. त्या काळी प्रवासाची साधने अपुरी होती. पक्षकार, साक्षीदार व ज्युरीचे सदस्य यांना न्यायालयापर्यंत पोहोचणे शक्य व्हावे, हा अशा विभागणीमागील व्यवहारी हेतू होता. जिल्हे तीन झाले तरी न्यायाधीश एकच होता व तो ठिकठिकाणी फिरून न्यायदान करीत असे. विसाव्या शतकातही दीर्घकाळ उत्तर व मध्य या दोन जिल्ह्यांसाठी एकाच न्यायाधीशाची नेमणूक होत राहिली.

आजच्या रचनेनुसार मध्य जिल्ह्यात २३ काउंट्यांचा समावेश होतो. त्याचे तीन विभाग आहेत. उत्तर विभागात १२ काउंट्या असून त्याचे कामकाज मॉन्टगोमेरी येथे चालते. दक्षिण विभागात ५ काउंट्या असून डोथन हे त्याचे ठिकाण आहे. पूर्व विभागातील ६ काउंट्यांसाठी ओपेलायका हे ठिकाण ठरविण्यात आले आहे. जिल्हा न्यायाधीशांची मंजूर पदे केवळ तीन आहेत. त्यांच्या जोडीला आठ वर्षांच्या मुदतीसाठी नेमलेले मॅजिस्ट्रेट न्यायाधीश आणि चौदा वर्षांच्या मुदतीसाठी नेमलेले दिवाळखोरी न्यायाधीश असतात. न्यायालयाचा प्रबंधक दफ्तर सांभाळतो, मार्शल हुकमांची बजावणी करतो आणि संघराज्याचा सरकारी वकील फौजदारी खटले चालवितो. या न्यायालयाच्या निर्णयांवरील अपिले पूर्वी पाचव्या मंडल न्यायालयाकडे जात असत. १ ऑक्टोबर १९८१ पासून ती अटलांटा येथील अकराव्या मंडल न्यायालयाकडे जातात.

अधिकारितेचे स्वरूप :

संघराज्यीय न्यायालयाची अधिकारिता मर्यादित स्वरूपाची असते. संविधानाने व संसदेने दिलेल्या अधिकारांपलीकडे त्याला कोणताही वाद ऐकता येत नाही. भिन्न राज्यांच्या नागरिकांमधील ठरावीक रकमेपेक्षा अधिक रकमेचे वाद, संघराज्यीय कायद्यातून वा संविधानातून उद्भवणारे वाद, संघराज्यीय गुन्हे आणि संघराज्य स्वतः पक्षकार असलेले दावे, असे त्याचे प्रमुख प्रकार होत. संघराज्यीय कायद्यातून उद्भवणाऱ्या वादांवर सर्वसाधारण अधिकारिता १८७५ मध्ये प्राप्त झाली.

यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात संसदेने केलेल्या कायद्यांना या संदर्भात विशेष महत्त्व आहे. १८६७ च्या कायद्याने कर्जापोटी वेठबिगारी करून घेणे हा गुन्हा ठरविला. १८७० च्या कायद्याने नागरिकांचे संघराज्यीय हक्क हिरावून घेण्यासाठी कट करणे दंडनीय केले. १८७१ च्या कायद्याने, राज्याच्या अधिकाराचा वापर करून घटनादत्त हक्कांचा भंग करणाऱ्या व्यक्तीविरुद्ध दावा करण्याची मुभा नागरिकांना मिळाली. हे तिन्ही कायदे कायदेपुस्तकात राहिले. ते वापरायचे की नाही, हा प्रश्न मात्र पुढील नव्वद वर्षे अनिर्णित राहिला.

१९०३ : एकाच वर्षातील दोन अनुभव :

न्यायालयाची अधिकारिता कागदावर असणे व प्रत्यक्षात असणे यांतील अंतर १९०३ मधील दोन प्रकरणांतून दिसून येते. या वेळी उत्तर व मध्य जिल्ह्यांचे न्यायाधीश थॉमस गूड जोन्स हे होते. ते अलाबामाचे माजी राज्यपाल व डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. तथापि टस्कीगी येथील शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शिफारशीवरून रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ मध्ये त्यांची नियुक्ती केली होती.

१९०३ मध्ये मॉन्टगोमेरी येथे जोन्स यांच्यापुढे वेठबिगारीचे खटले चालले. टॅलापूसा व कूसा काउंट्यांतील कृष्णवर्णीय मजुरांना किरकोळ आरोपांखाली दंड ठोठवायचा, तो दंड जमीनदाराने भरायचा आणि त्या बदल्यात मजुरास आपल्या शेतावर डांबून ठेवायचे, अशी ही पद्धत होती. राज्याची स्थानिक न्यायालये या पद्धतीचाच एक भाग बनली होती. संघराज्यीय न्यायालयामुळे तिला प्रथमच वाचा फुटली. काही आरोपींनी गुन्हा कबूलही केला. परंतु शिक्षा सौम्य राहिल्या आणि प्रमुख आरोपी जॉन पेस यास १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली.

दुसरे प्रकरण मताधिकाराचे होते. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने मतदार नोंदणीच्या अटी अशा रीतीने योजल्या होत्या, की कृष्णवर्णीय नागरिक मोठ्या संख्येने यादीबाहेर राहावेत. मॉन्टगोमेरीचे रहिवासी जॅक्सन गाइल्स यांनी स्वतःसह हजारो कृष्णवर्णीय नागरिकांच्या वतीने मध्य जिल्ह्यातील संघराज्यीय न्यायालयात दावा केला. अधिकारिता नाही या कारणास्तव तो फेटाळण्यात आला. २७ एप्रिल १९०३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेन्डेल होम्स यांच्या बहुमताच्या निकालपत्राचा आशय असा की, राज्यातील बहुसंख्य गोऱ्या लोकांनाच कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवायचे असेल, तर यादीत केवळ नाव घातल्याने काही साधणार नाही. अशा व्यापक राजकीय अन्यायावर उपाय राज्यातील जनतेने किंवा राजकीय शाखांनीच करावयास हवा. हक्क मान्य, पण उपाय देण्यास न्यायालय असमर्थ, असा हा निष्कर्ष होता. ज्यांना मतदानाचा अधिकारच नाही त्यांना निवडून आलेल्यांकडे दाद मागण्यास सांगणे, यातील विसंगती स्पष्ट आहे. पुढील अर्धशतक या न्यायालयाची दारे अशा गाऱ्हाण्यांना जवळजवळ बंदच राहिली.

बस बहिष्कार आणि तीन न्यायाधीशांचे पीठ :

१९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फ्रँक एम. जॉन्सन यांची मध्य जिल्ह्याचे न्यायाधीश म्हणून नियुक्ती केली. त्या वेळी त्यांचे वय ३७ वर्षांचे होते. ते राज्याच्या उत्तर भागातील विन्स्टन काउंटीचे रहिवासी होते. यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने राहिलेल्या लोकांची ही डोंगराळ काउंटी दक्षिणी समाजात काहीशी वेगळी मानली जात असे.

त्यांच्या नियुक्तीनंतर काही आठवड्यांतच, ५ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरीतील बस बहिष्कार सुरू झाला. येथे न्यायालयाची निवड हा चळवळीच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न ठरला. रोझा पार्क्स यांचा खटला राज्याच्या न्यायालयात चालू होता आणि तेथे तो दीर्घकाळ रेंगाळण्याची शक्यता होती. म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघराज्यीय जिल्हा न्यायालयात स्वतंत्र दिवाणी दावा दाखल केला. त्यात पार्क्स यांचे नाव हेतुतः घातले नाही. ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन, सुझी मॅकडॉनल्ड व मेरी लुईस स्मिथ या अन्य स्त्रिया त्यात वादी होत्या.

राज्याच्या कायद्याला घटनेच्या आधारे मनाई मागितली असल्यास तो दावा तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे चालावा आणि त्यावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जावे, अशी तरतूद १९१० मध्ये करण्यात आली होती. एकट्या न्यायाधीशाने राज्याचे कायदे स्थगित करू नयेत, म्हणजे राज्यांना संरक्षण मिळावे, हा तिचा मूळ हेतू होता. १९५६ मध्ये तीच तरतूद वादींच्या उपयोगी पडली, कारण तिच्यामुळे अपिलाची एक पायरी कमी झाली. मंडल न्यायालयाचे रिचर्ड राइव्ह्ज, उत्तर जिल्ह्याचे सेबॉर्न लिन व जॉन्सन यांच्या पीठाने ५ जून १९५६ रोजी दोन विरुद्ध एक मताने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. लिन यांचे मत विरोधी होते. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. त्याच दिवशी मॉन्टगोमेरीतील राज्याच्या न्यायालयात शहर प्रशासनाने बहिष्कारकर्त्यांच्या सामायिक मोटारव्यवस्थेविरुद्ध मनाई हुकूम मिळविला. एकाच शहरातील एकाच संघर्षात दोन न्यायव्यवस्थांच्या विरुद्ध दिशा याहून स्पष्टपणे क्वचितच दिसतील.

मात्र या न्यायालयाची वाटचाल सरळ रेषेत झाली असे म्हणता येणार नाही. १९५७ मध्ये राज्य विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून ती अठ्ठावीस बाजूंची केली आणि सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सर्वांना शहराबाहेर टाकले. याविरुद्धचा दावा जॉन्सन यांनी प्रथम फेटाळला. नगरपालिकेची हद्द ठरविण्याच्या विधिमंडळाच्या अधिकारात न्यायालयाला हस्तक्षेप करता येत नाही, असे त्यांचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर १९६० रोजी ते मत अमान्य केले. न्यायालयाच्या मर्यादांविषयीची १९०३ मधील संकोचाची परंपरा नव्या न्यायाधीशाच्या विचारातही किती खोल रुजली होती, हे यावरून दिसते.

राजधानीचा जिल्हा : अधिकारक्षेत्राचा विस्तार :

मध्य जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे राज्याची राजधानी या जिल्ह्यात असणे. दावा कोठे दाखल करावा याविषयीच्या नियमांनुसार प्रतिवादी जेथे राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. एकाच राज्याच्या भिन्न जिल्ह्यांत राहणारे अनेक प्रतिवादी असल्यास त्यांपैकी कोणत्याही एका जिल्ह्यात तो चालू शकतो. राज्यपाल, शिक्षण मंडळ, पोलीस संचालक व विविध खात्यांचे प्रमुख यांची अधिकृत ठिकाणे मॉन्टगोमेरीत होती. साहजिकच राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातील अन्यायाचे मूळ राज्य शासनाच्या धोरणात असेल, तर दावा येथे करणे शक्य झाले.

याची उदाहरणे अनेक आहेत. विधिमंडळातील प्रतिनिधित्वाची विषमता दाखविणारा दावा बर्मिंगहॅम परिसरातील, म्हणजे उत्तर जिल्ह्यातील मतदारांनी केला होता, परंतु तो मॉन्टगोमेरी येथे चालला. त्यातूनच १५ जून १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य विधिमंडळांच्या दोन्ही सभागृहांना समान लोकसंख्येचे तत्त्व लागू केले. टस्कलूसा येथील ब्राइस मनोरुग्णालयही उत्तर जिल्ह्यात होते. तेथील रुग्णांना उपचाराचा घटनात्मक हक्क आहे, हा निर्णय मात्र १९७१ मध्ये मध्य जिल्हा न्यायालयाने दिला आणि १९७२ मध्ये त्यासाठी किमान मानके ठरवून दिली. हा दावा २००३ पर्यंत चालू राहिला. १९७६ मध्ये राज्यातील तुरुंगांच्या अमानुष स्थितीविषयीचा आदेशही याच न्यायालयातून निघाला.

शाळांच्या बाबतीत तर राज्यपालांच्या कृतीनेच न्यायालयाचे क्षेत्र वाढविले. १९६३ मध्ये मेकन काउंटीतील एका शाळेपुरता असलेला वाद राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांनी राज्याचे पोलीस पाठवून शाळा बंद ठेवल्यामुळे चिघळला. स्थानिक शाळांवर राज्य शासनाचेच नियंत्रण आहे, हे या हस्तक्षेपामुळे पुराव्यानिशी सिद्ध झाले. परिणामी २२ मार्च १९६७ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने संपूर्ण राज्यासाठी एकत्रित आदेश दिला. एका काउंटीच्या दाव्याने जवळजवळ शंभर शाळा-प्रशासने न्यायालयाच्या कक्षेत आली.

सेल्मा ते मॉन्टगोमेरी : दोन जिल्ह्यांतून जाणारा रस्ता :

अधिकारक्षेत्राचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने १९६५ मध्ये उभा राहिला. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथील पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर राज्य पोलीस व स्थानिक शेरीफचे दल तुटून पडले. सेल्मा हे डॅलस काउंटीत आहे आणि ती काउंटी दक्षिण जिल्ह्यात मोडते. मोर्चाचा मार्ग मात्र तेथून लाउंड्स काउंटीत व पुढे मॉन्टगोमेरी काउंटीत जात होता. या दोन्ही काउंट्या मध्य जिल्ह्यात आहेत. लाउंड्समध्ये कृष्णवर्णीय लोक बहुसंख्य असूनही १९६५ च्या आरंभी त्यांच्यापैकी एकही नोंदणीकृत मतदार नव्हता.

मोर्चाच्या नेत्यांनी राज्यपाल वॉलेस, पोलीस संचालक व शेरीफ यांच्याविरुद्ध मॉन्टगोमेरी येथे दावा दाखल केला. जॉन्सन यांनी ९ मार्च रोजी प्रथम मोर्चेकऱ्यांनाच सुनावणी होईपर्यंत थांबण्याचा आदेश दिला. त्यामुळे चळवळीतील अनेकांची निराशा झाली. सुनावणीनंतर १७ मार्च रोजी त्यांनी मोर्चाला परवानगी दिली. झालेल्या अन्यायाच्या प्रमाणात निषेधाच्या हक्काची व्याप्ती ठरावी, हे त्या निर्णयाचे सूत्र होते. त्याच वेळी लाउंड्स काउंटीतील रस्ता अरुंद असल्याने तेथे एका वेळी तीनशेच मोर्चेकरी चालतील, अशी काटेकोर अटही त्यात होती. २१ ते २५ मार्च या काळात मोर्चा पार पडला आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा संमत झाला.

२५ मार्चच्या रात्री मोर्चेकऱ्यांना मोटारीने पोहोचविणाऱ्या व्हायोला लिउझो यांची लाउंड्स काउंटीत हत्या झाली. खून हा राज्याच्या कायद्याखालील गुन्हा असल्याने त्याचा खटला राज्याच्या न्यायालयात चालला व ऑक्टोबरमध्ये मुख्य आरोपी निर्दोष सुटला. त्यानंतर १८७० च्या कायद्याखाली हक्कभंगाच्या कटाचा आरोप ठेवून संघराज्यीय न्यायालयात खटला भरण्यात आला. गुन्हा मध्य जिल्ह्यात घडला असल्याने तो जॉन्सन यांच्यापुढे चालला. ३ डिसेंबर १९६५ रोजी सर्व गोऱ्या सदस्यांच्या ज्युरीने तिघांना दोषी ठरविले व त्यांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. खुनाबद्दल शिक्षा देणे या न्यायालयाच्या अधिकारात नव्हते. जे अधिकारात होते तेवढे त्याने केले. पंचाण्णव वर्षे जवळजवळ निद्रिस्त असलेल्या कायद्याचा हा उपयोग होता.

या कार्याची किंमत न्यायाधीशाला वैयक्तिक जीवनातही मोजावी लागली. १९६७ मध्ये जॉन्सन यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. सुदैवाने त्या बचावल्या. १९७९ मध्ये जॉन्सन यांची मंडल न्यायालयावर बढती झाली व एक पर्व संपले. मॉन्टगोमेरीतील न्यायालयाच्या इमारतीला १९९२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, १८३९ मध्ये प्रवासाच्या सोयीसाठी आखलेल्या जिल्ह्याच्या सीमेला शतकानंतर संपूर्णपणे वेगळा अर्थ प्राप्त झाला. राजधानी या सीमेच्या आत असल्याने एका लहान जिल्ह्याचे न्यायालय प्रत्यक्षात साऱ्या राज्याच्या शासनव्यवहाराचे परीक्षण करू शकले. दुसरा असा की, कायद्याने दिलेली अधिकारिता आपोआप कार्यान्वित होत नाही. १९०३ चे न्यायालय आणि १९६५ चे न्यायालय यांना लागू असलेले पुनर्रचना काळातील कायदे तेच होते. दरम्यान बदलले ते सर्वोच्च न्यायालयाचे धोरण, १९५७ पासूनचे नवे नागरी हक्क कायदे आणि मुख्य म्हणजे न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्या सामान्य नागरिकांचे संघटित बळ. तिसरा निष्कर्ष काहीसा सावधगिरीचा आहे. दुहेरी न्यायव्यवस्था ही स्वतःहून दुर्बलांच्या बाजूची नसते. संघराज्यीय न्यायालयाने जसा आसरा दिला, तसाच तो अर्धशतकाहून अधिक काळ नाकारलाही होता.

भारताने एकात्म न्यायव्यवस्था स्वीकारल्यामुळे येथे असा दुहेरी मार्ग उपलब्ध नाही. परंतु दाद कोठे मागावी आणि न्यायालयाचा हात कोठवर पोहोचतो, हे प्रश्न येथील नागरिकालाही तितकेच भेडसावतात. न्यायसंस्थेचा इतिहास लिहिताना गाजलेल्या निवाड्यांइतकेच लक्ष सीमा, स्थळ व कार्यपद्धती यांच्याकडेही देणे आवश्यक आहे. सेल्माहून निघालेल्या मोर्चेकऱ्यांना दोन न्यायिक जिल्ह्यांमधील सीमारेषा रस्त्यावर कोठेही दिसली नसेल. तरीही त्या रेषेच्या पलीकडे कोण न्यायाधीश बसला आहे, यावर त्यांचे पुढचे पाऊल अवलंबून होते.